खोडलेलं वाक्य

कार्यालयात तिला सगळे शंकाबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण तिला ते माहीत होतं, आणि पहिली काही वर्षं तर तिला त्याचं मनातून कौतुकच वाटायचं. कामच तसं होतं तिचं. माणसांच्या खाण्यात आणि गुरांच्या, कोंबड्यांच्या खाद्यात कंपन्या जे जिवंत जंतू मिसळतात, ते पोटात गेल्यावर काही घात करणार नाहीत ना, हे तिनं तपासायचं. कंपनीचा अर्ज यायचा, सोबत हजार-बाराशे पानांची फाईल यायची. हा जंतू नेमका कोण, कुठून आणला, विष तयार करतो का, कुठल्या अँटिबायोटिकला दाद देत नाही, आणि दाद न देण्याची ती खोड तो शेजारच्या जंतूंना शिकवतो का. घरात भाडेकरू ठेवण्याआधी घरमालकीण करते तशी ती चौकशी. फरक एवढाच की हा भाडेकरू अब्जावधींच्या संख्येनं यायचा आणि एकदा आत शिरला की त्याला जागा खाली करायला सांगण्याची सोय नसे.

एकवीस वर्षं ती हे करत होती. शंका काढायची, कंपनीला पत्र लिहायची, उत्तर आलं की त्यातून दुसरी शंका काढायची. तिच्या सहीनं गेलेल्या गोष्टी दुकानात मांडलेल्या दिसल्या की तिला बरं वाटायचं. ही आपली, ती आपली, असं ती मनातल्या मनात मोजत पुढे जायची.

त्या मंगळवारी सकाळी ती कोंबड्यांच्या खाद्याची एक फाईल वाचत असताना भावजयीचा फोन आला.

"वन्सं, ह्यांना ताप भरलाय."

"किती?"

"एकशे दोनच्या वर. नर्सनं डॉक्टरांना बोलावलंय. तुम्ही येताय ना?"

शंकाबाईनं फाईल उघडीच ठेवली आणि निघाली. जिना उतरताना तिच्या लक्षात आलं की आपण कठडा घट्ट धरलाय.

दुसऱ्या कुणाला ताप आला असता तर गोळी देऊन झोपवलं असतं. पण तिच्या धाकट्या भावाला रक्ताचा कॅन्सर होता, पाच महिने उपचार चालू होते, आणि चौथ्या खेपेच्या औषधानं त्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपवल्या होत्या. अंगात शिपाईच उरला नव्हता. अशा वेळी कुठलाही सोम्यागोम्या जंतू आत शिरला तरी त्याला अडवणारं कुणी नाही, हे ह्या घरात तिच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. बाकीच्यांना काळजी होती. तिला तपशील माहीत होते, आणि तपशील काळजीपेक्षा वाईट असतात.

धाकटा तिच्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता. त्याच्या डब्यापासून दाखल्यापर्यंत सगळं तिनंच केलं. मोठा होऊन तो लिफ्ट दुरुस्त करायला लागला. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांशी दाराच्या फटीतून गप्पा मारत, त्यांना हसवत हसवत बाहेर काढण्यात त्याचा हातखंडा होता.

दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर त्याची वेगळी खोली होती. आधी एक दार, मग हात धुवायचं बेसिन, मग झगा आणि मास्क, मग दुसरं दार. शंकाबाई आत गेली तेव्हा धाकट्याला थंडी वाजून आली होती. इतकी, की पलंगाचा लोखंडी कठडा खडखड वाजत होता. गळ्याच्या उजव्या हाडाखालून निघालेली औषधाची पांढरी नळी त्याच्या छातीवर थरथरत होती.

"ताई," तो दात वाजवत म्हणाला, "माझी केबिन अडकली बघ. पण घाबरू नकोस, दोर मजबूत आहे."

"गप पड," ती म्हणाली आणि त्याचे पाय चोळायला लागली. पाय बर्फासारखे होते.

रक्ताच्या आजारांची डॉक्टर वयानं लहान होती, पायात धावायचे बूट, बोलणंही तसंच पळतं. तिनं एका बाटलीत नळीतून आणि दुसऱ्या बाटलीत दंडातून रक्त घेतलं, प्रयोगशाळेत पाठवलं, आणि निकालाची वाट न बघता एक जोरदार अँटिबायोटिक चालू केलं. "हे नव्वद टक्के जंतूंना झोपवतं," ती म्हणाली. "उद्या सकाळपर्यंत ताप उतरायला हवा."

बुधवारी सकाळी ताप एकशे तीनच्या वर होता आणि रक्तदाब उतरत चालला होता.

दहाच्या सुमारास डॉक्टर आली. "नळीतून घेतलेल्या बाटलीत काहीतरी वाढतंय," ती म्हणाली. "पण लॅबवाल्यांना त्यात दम वाटत नाही. काठीच्या आकाराचा जंतू आहे, आत बीज धरणारा. असले धुळीत असतात, कातडीवर असतात. बाटली भरताना पडला असेल. आम्ही खरा चोर शोधतोय."

भावजयीनं सुटकेचा श्वास सोडला. "म्हणजे ते काही नाही ना?"

"बहुतेक नाही," डॉक्टर म्हणाली आणि पुढच्या खोलीत गेली.

बीज धरणारा. हे दोन शब्द शंकाबाईच्या कानात अडकून बसले होते. असले जंतू संकट आलं की स्वतःभोवती कवच करून घेतात, कोरडे पडून राहतात आणि ओलावा मिळाला की पुन्हा जागे होतात. म्हणून तर कंपन्यांना ते आवडतात. पुडीत वर्षभर टिकतात. तिच्या टेबलावरून असले निदान चाळीस तरी गेले होते. पण धुळीतही ते असतात, हेही खरं. उगाच शंका कशाला, असं तिनं स्वतःला बजावलं आणि धाकट्याच्या कपाळावर ठेवायला रुमाल शोधू लागली.

पलंगाजवळच्या कपाटाचा खण तिनं ओढला. रुमालाच्या घडीशेजारी पुड्यांचं एक चपटं खोकं होतं. वर हिरव्या पानाचं चित्र आणि 'पोटाच्या आरोग्यासाठी' ही अक्षरं. वीस पुड्यांपैकी सहा उरल्या होत्या. तिनं खोकं उलटं केलं. पाठीमागे बारीक अक्षरांत जंतूचं नाव होतं आणि नावापुढे त्या वाणाचा क्रमांक.

तो क्रमांक तिला स्वतःच्या फोन नंबरासारखा पाठ होता. आठ महिने तिनं तो रोज लिहिला होता.

हातातलं खोकं खाली ठेवायचं सुचेना आणि धरवतही नव्हतं.

"अगं," ती भावजयीला म्हणाली, आणि आपला आवाज एवढा शांत कसा, ह्याचं तिला नवल वाटलं, "हे इथे कुणी आणलं?"

"मीच. मागच्या खेपेला ह्यांचं पोट फार बिघडलं होतं ना, अँटिबायोटिकनं. औषधाच्या दुकानात मिळालं. ह्या वेळी म्हटलं आधीपासूनच देऊ."

"नर्सला सांगितलंस?"

"त्यात काय सांगायचं? औषध थोडंच आहे!" मग तिनं जरा अभिमानानं सांगितलं, "आणि वन्सं, मी काही डोळे मिटून नाही आणलं. दुकानात तीन कंपन्यांचं होतं. ह्याच्याच मागे तुमच्या कार्यालयाचं नाव दिसलं, सुरक्षितता तपासलेली म्हणून. म्हटलं, आमच्या वन्संनी पास केलंय म्हणजे बघायलाच नको."

शंकाबाई खुर्चीत बसली.

"कशी देतेस, दाखव मला."

भावजयीनं हवेतच करून दाखवलं. पलंगाच्या उशाशी टेबलावर पेला ठेवायचा, पुडीला टिचकी मारायची, कोपरा फाडायचा, भुकटी पाण्यात सोडायची. "जरा उडते ती, पीठ उडतं तशी. मग मी हात सॅनिटायझरनं दोनदा चोळते हं, एकदा नाही. आणि मग ह्यांची नळी सरळ करते, सारखी अंगाखाली येते. तिचं टोपण बघते घट्ट आहे का."

सॅनिटायझरमधल्या स्पिरिटनं बीज मरत नाही. साबणपाण्यानं हात धुतले तर निदान वाहून जातं, पण स्पिरिटचं त्याला सोयरसुतक नसतं. फाईलच्या कुठल्या पानावर ते लिहिलं होतं हेसुद्धा शंकाबाईला आठवलं. एका पुडीत दोन अब्ज बीजं. रोज दोन पुड्या, एक आठवडा. भाबडेपणानं, मनापासून, दोनदा चोळलेले ते हात त्या टोपणावर रोज फिरत होते, आणि टोपणापलीकडे सरळ हृदयाकडे जाणारी वाट होती.

"काय झालं वन्सं? असं काय बघताय?"

"काही नाही. तू हात धू. साबणानं, कोपरापर्यंत. आणि नळीला हात लावू नकोस," असं म्हणून ती खोकं घेऊन बाहेर आली.

बोळाच्या टोकाला एक खिडकी होती. खाली गाड्या लावायची जागा, एक माणूस बादलीत फडकं पिळून गाडीची काच पुसत होता. शंकाबाई तिथे उभी राहिली आणि तिला दोन वर्षांपूर्वीची ती बैठक दिसायला लागली.

पाच जणांची समिती होती. अहवालाचा मसुदा तिचा होता आणि सगळं ठीक होतं. जंतू विष बनवत नव्हता. बऱ्याच अँटिबायोटिकना तो दाद देत नव्हता खरा, पण ती त्याची उपजत खोड होती, दुसऱ्या जंतूला देता येण्यासारखी नव्हती, म्हणून नियमाप्रमाणे हरकत नव्हती. शेवटच्या पानावर तिनं एक वाक्य घातलं होतं: ज्यांची प्रतिकारशक्ती फार कमी आहे किंवा ज्यांच्या शिरेत नळी बसवलेली आहे, अशा माणसांजवळ ही पुडी उघडू नये. दवाखान्यात वापरल्या जाणाऱ्या एका यीस्टची भुकटी उडून नळीवाटे रक्तात गेल्याचे दाखले तिनं वाचले होते.

"पण हे यीस्ट नाहीये," साहेब म्हणाले होते. साहेब म्हणजे समितीचे प्रमुख, सभ्य आणि काटेकोर माणूस. "ह्या जंतूचा एक तरी रुग्ण दाखवा. पुराव्याशिवाय वाक्य घालायचं म्हटलं तर उद्या आपण पाण्याच्या बाटलीवरही लिहू, की ठसका लागू शकतो."

त्यावर कुणीतरी म्हणालं, "शंकाबाईंना मुभा दिली तर त्या तेही लिहितील." पहिल्यांदाच ते नाव तिच्या तोंडावर उच्चारलं गेलं. सगळे हसले. तीसुद्धा हसली. संध्याकाळचे साडेपाच वाजले होते, एकोणीस वर्षं शंका काढून ती दमली होती, आणि एक दिवस तरी आपण अडून बसणारी बाई नसावं असं तिला वाटलं. कुणी जबरदस्ती केली नाही. तिनं स्वतःच्या पेनानं ते वाक्य खोडलं.

खिडकीशी ती पाच मिनिटं उभी होती. पुढे तिला त्या वाक्यापेक्षाही ह्या पाच मिनिटांची जास्त लाज वाटली. कारण त्या पाच मिनिटांत तिच्या मनात भाऊ एकटाच नव्हता. कंपनीच्या फाईलमधली चाचण्यांची कोष्टकं गोपनीय होती आणि ती बाहेर सांगणार नाही असं तिनं लिहून दिलं होतं. नोकरी जाईल, वर चौकशी लागेल. भावजयीला काय सांगायचं? शिवाय कदाचित हा तो जंतू नसेलच, धुळीतलाच असेल, आणि आपण उगाच रान उठवू. ही शेवटची शंका तिला फार गोड वाटली, तिला चिकटून राहावंसं वाटलं. आयुष्यभर शंकांवर पोट भरलेल्या बाईला आता एक शंका वाचवायला आली होती.

तेवढ्यात मागे धावत्या बुटांचा आवाज झाला. नर्सनं डॉक्टरला हाक मारली होती. धाकट्याचा रक्तदाब आणखी उतरला होता.

शंकाबाईनं डॉक्टरला दारातच गाठलं.

"तो जंतू धुळीतला नाहीये. ह्यातला आहे," तिनं खोकं पुढे केलं. "गेला आठवडाभर त्याच्या उशाशी ह्या पुड्या उघडल्या जातायत. आणि तुम्ही चालू केलेल्या औषधाला हा जंतू दाद देत नाही. अजिबात नाही."

डॉक्टरनं खोकं घेतलं, उलटसुलट केलं. "हे तुम्हाला कसं माहीत? इथे तर तसं काही लिहिलेलं नाही."

"माहीत आहे, कारण ते मीच पास केलंय. तपासणीचं कोष्टक मी पाहिलंय. ह्याला मारायला तुमचं औषध किती लागतं, त्या रकान्यातला आकडा मर्यादेच्या बत्तीस पट होता. तो कुणाला सांगायची मला परवानगी नाही. मी सांगतेय." मग ज्या औषधाच्या रकान्यात आकडा लहान होता, त्याचं नाव तिनं सांगितलं. दोनदा सांगितलं.

डॉक्टरनं भिंतीवरचा फोन उचलून तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेला लावला. शंकाबाईला एकाच बाजूचं बोलणं ऐकू येत होतं. "ती बाटली कुठाय? टाकू नका. टाकलीत? मग बघा ना डब्यात! ... बरं. आणि दंडातल्या रक्ताची? ... कधी? ... किती वेळानं?"

फोन ठेवून डॉक्टर म्हणाली, "टाकायच्या ट्रेमध्ये होती, सापडली. आणि दंडातल्या बाटलीतही तोच वाढलाय. नळीच्या बाटलीनंतर अडीच तासांनी."

दोघींनाही त्याचा अर्थ कळला. दोन वेगळ्या जागचं रक्त, दोन्हीत एकच जंतू, तर तो बाहेरून पडलेला नव्हे. आणि नळीतला आधी वाढला, म्हणजे घर तिथे होतं.

"नळी काढावी लागेल," डॉक्टर म्हणाली. "त्याच्या रक्तात गोठण्याची ताकद उरलेली नाही. काढताना रक्तस्राव होऊ शकतो. नाही काढली तर..." तिनं कागद पुढे केला. "बायकोची सही लागेल."

भावजयीनं सही केली. कागदावर काय लिहिलंय ते तिनं ह्या वेळी वाचलं नाही. पलंग चाकांवरून अतिदक्षता विभागाकडे निघाला तेव्हा धाकट्याचे डोळे अर्धवट उघडे होते आणि ओठ निळसर पडले होते. लिफ्ट यायला उशीर लागला. दार उघडलं तेव्हा तो काहीतरी पुटपुटला. शंकाबाई वाकली.

"दाराचा सेन्सर बिघडलाय," तो म्हणाला. "सांग त्यांना."

दार बंद झालं. बोळात दोघीच उरल्या.

"वन्सं," भावजय म्हणाली. तिनं दारातलं सगळं बोलणं ऐकलं होतं. "म्हणजे हे मी केलं?"

"नाही."

"माझ्या हातानं गेलं ना पण? मीच उघडत होते ना?"

"तू पुडीवर जे लिहिलं होतं ते केलंस. जे लिहायला हवं होतं ते तिथे नव्हतं. ते मी लिहिलं होतं आणि मीच खोडलं."

भावजयीला आधी समजलं नाही. मग शंकाबाईनं तिला ती बैठक सांगितली, हशासकट. काही लपवलं नाही. ऐकून झाल्यावर भावजय उठली आणि चार खुर्च्या सोडून पलीकडे जाऊन बसली. ओरडली असती, दोन शब्द बोलली असती, तर शंकाबाईला सोसवलं असतं. ती नुसती हात मांडीवर पालथे ठेवून बसली, ते हात आपले नसावेत तशी.

दुपारी शंकाबाईनं साहेबांना फोन केला. काय घडलं ते सांगितलं, गोपनीय आकडा फोडल्याचंही सांगितलं.

"कसा आहे तो?" साहेबांनी विचारलं.

"माहीत नाही. आत आहे."

"ते वाक्य मला आठवतंय," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज एकदम म्हातारा वाटला. "एक रुग्ण दाखवा, असं मी म्हणालो होतो."

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आकड्याचं मी बघतो. तो सांगायचा लेखी आदेश मीच दिला होता असं लिहितो."

"नको," ती म्हणाली. "तसं घडलं नाही. घडलं तसंच लिहा."

पुढचे दोन दिवस ती अतिदक्षता विभागाबाहेरच्या बोळातून जवळजवळ हललीच नाही. दर चार तासांनी दहा मिनिटं एकालाच आत सोडत. भावजय जायची, बाहेर यायची, आणि तिच्याकडे न बघता नर्सला सांगावं तसं हवेत सांगायची, "ताप तेवढाच." किंवा, "लघवी होत नाहीये." ह्या वाक्यांचा पुढचा अर्थ शंकाबाईला कळत होता, हीच तिची शिक्षा होती. मूत्रपिंड थकलं की काय होतं, त्यानंतर काय थकतं, तो क्रम तिला ठाऊक होता. डोळे मिटले की तिला सूक्ष्मदर्शकाखालची ती काठी दिसायची, टोकाशी चमकणारं बीज घेऊन निवांत पडलेली. त्या काठीला कुणाशी वैर नव्हतं. जागा मिळाली, ओलावा मिळाला, ती वाढली. ज्या गुणांसाठी तिला निवडलं होतं तेच गुण ती दाखवत होती. शंकाबाईला सगळ्यात जास्त भीती वाटली ती ह्याचीच.

आणखी एक भीती होती, आणि ती हळूहळू मोठी होत गेली. तिसऱ्या मजल्यावर दुसऱ्याही खोल्या होत्या. दुसऱ्या गावांत दुसरे दवाखाने होते. तिथेही कुणाच्या तरी बायकोनं, आईनं, मुलीनं ते हिरव्या पानाचं खोकं उशाशी ठेवलेलं असेल. तिथल्या प्रयोगशाळेतही कुणी 'धुळीतला जंतू' म्हणून बाटली ट्रेमध्ये टाकली असेल. मग साहेबांना हवा असलेला तो एक रुग्ण दोन वर्षांत सापडला नाही, तो नव्हता म्हणून, की कुणी मोजलाच नाही म्हणून? गुरुवारी सकाळी तिनं पिशवीतून कागद काढला आणि मांडीवर धरून कार्यालयाला पत्र लिहिलं. सगळ्या दवाखान्यांना आजच्या आज कळवा, असं त्यात होतं. अक्षर इतकं वाकडं आलं होतं की फोटो काढून पाठवण्याआधी तिला ते पुन्हा लिहावं लागलं.

शुक्रवारी दुपारी तीन वाजता भावजय आतून बाहेर आली आणि ह्या वेळी सरळ शंकाबाईसमोर उभी राहिली.

"शंभरवर आलाय," ती म्हणाली. "लघवी झाली. आणि भूक लागली म्हणाला."

मग ती शेजारच्या खुर्चीत बसली आणि ढसाढसा रडली. शंकाबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. भावजयीनं तो झटकला नाही, धरलाही नाही.

पुडीतला जंतू आणि रक्तातला जंतू, दोघांची जनुकं ताडून पाहिली तेव्हा ती तंतोतंत जुळली. कार्यालयानं सूचना काढली, दुकानांतली खोकी परत मागवून नवीन मजकूर छापायला लावला. शंकाबाईला त्या फाईलपासून दूर ठेवलं. भाऊच रुग्ण म्हटल्यावर ते बरोबरच होतं. चौकशी झाली, तिला ताकीद मिळाली, नोकरी राहिली. नवीन वाक्य दुसऱ्या कुणीतरी लिहिलं. तिच्यापेक्षा बरं लिहिलं, लहान आणि ठळक. पुढच्या दोन महिन्यांत इतर दवाखान्यांतून आणखी तीन रुग्ण कळले. सगळ्यांकडे आलेल्या यादीत त्यांतल्या एका बाईच्या शेवटच्या रकान्यात 'मृत्यू' असं लिहिलेलं होतं. बासष्ट वर्षांची होती. शंकाबाईनं त्या ओळीवर बोट ठेवलं आणि तिला ते बराच वेळ उचलता आलं नाही.

धाकटा सहा आठवड्यांनी घरी आला. वीस किलो घटलेला, डोक्यावर केस नाहीत, पुढची खेप अजून बाकी. कॅन्सर गेला की नाही हे कळायला वर्ष लागणार होतं. शंकाबाई भेटायला गेली तेव्हा तो खिडकीशी बसून उकडलेला बटाटा खात होता.

"ताई, ऐकलंय मी पुरावा झालो म्हणून," तो म्हणाला. "नाव छापलं का?"

"नाव नसतं छापत. 'पुरुष, एक्केचाळीस वर्षं', एवढंच."

"एवढंच? निदान लिफ्ट मेकॅनिक तरी लिहायचं होतं. धंदा वाढला असता."

ती हसायला गेली आणि तिला रडू फुटलं. त्यानं ताटली बाजूला ठेवली. "अगं, मी आहे ना," तो म्हणाला. "तू नसतीस तर ती बाटली गेली असती कचऱ्यात."

"मी खोडलं नसतं तर पुडीवर ते वाक्य असतं," ती म्हणाली.

त्यानं ताटली पुन्हा ओढून घेतली.

भावजय स्वयंपाकघरातून बाहेर आली. वागणं आता ठीक होतं, पूर्वीसारखं नव्हतं. तिच्या हातात दुधाच्या भुकटीचा डबा होता. तिनं तो शंकाबाईसमोर टेबलावर ठेवला, मागची बाजू वर करून.

"वन्सं, हे ह्यांना दिलं तर चालेल का?"

डब्यावर तिच्या कार्यालयाचं नाव होतं. फाईल तिची नव्हती, शेजारच्या टेबलावरून गेली होती. सहा महिन्यांपूर्वी ती डोळे मिटून हो म्हणाली असती. शंकाबाईनं चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. भावजय समोर उभीच राहिली. धाकट्यानं बटाट्याचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला. वाचता वाचता एक ओळ शंकाबाईला कळली नाही.

"हे आज देऊ नकोस," ती म्हणाली. "उद्या विचारून सांगते."